३८ सी ते ३४ एफएफ : नीट बसणारी ब्रा शोधताना

मोठ्या कपची ब्रा शोधणाऱ्या बाईला आपल्याकडे सगळ्यात आधी अडतं ते विचारायचं कुणाला यावर. मैत्रिणींशी आपण साड्यांपासून सिझेरियनपर्यंत सगळं बोलतो, पण हा विषय निघाला की आवाज खाली येतो. मला या कामाला जवळजवळ वर्ष लागलं. काय केलं, कुठे अडले, किती पैसे गेले ते सविस्तर लिहून ठेवते आहे. माझं वय एकेचाळीस, पुण्यात शाळेत शिकवते, दिवसातले पाच-सहा तास पायावर उभी असते.

सुरुवात २०२३ च्या ऑगस्टमध्ये झाली. त्या पावसाळ्यात स्तनांखालच्या घडीत लाल पुरळ उठलं. खाज इतकी की वर्गात फळ्याकडे तोंड करून उभं राहावं लागायचं. त्वचारोगतज्ज्ञ म्हणाल्या, घाम साचतो, कातडी कातडीला घासते आणि त्यात बुरशी धरते. त्यांनी मलम दिलं, जागा कोरडी ठेवायला सांगितली. पुरळ गेलं आणि गणपतीच्या दिवसांत पुन्हा आलं. त्याच सुमारास मान आणि खांदे धरले म्हणून फिजिओथेरपी चालू होती. तिथल्या ताईंनी माझ्या खांद्यांवर पट्ट्यांनी पडलेले खोल वळ पाहिले आणि विचारलं, "ब्राचं माप कधी घेतलंय तुम्ही?"

मी म्हटलं, "३८ सी. लग्नाआधीपासून." (यातला आकडा अंगाभोवतीच्या खालच्या पट्ट्याचा आणि अक्षर कपचं.)

"ते दुकानात सांगितलेलं. मोजलंय का कुणी?"

कुणीच मोजलं नव्हतं. त्यांनी मला हात वर करायला सांगितले. पाठीमागचा पट्टा सरसर वर चढला, खांद्याच्या पात्यांपर्यंत. त्या म्हणाल्या, "ट्रेकची मोठी सॅक कशी पेलता? कमरेचा पट्टा घट्ट बांधला की वजन त्याच्यावर जातं, खांदे मोकळे राहतात. ब्राचंही तसंच असतं. खालचा पट्टा सैल असला की सगळं वजन खांद्यांवर लटकतं." इतकी साधी गोष्ट मला एकेचाळिसाव्या वर्षापर्यंत कुणी सांगितली नव्हती, याचा मला त्या दिवशी खरंच राग आला.

सप्टेंबरमध्ये लक्ष्मी रोडवरच्या एका जुन्या दुकानात गेले. काउंटरमागच्या बाईंनी ड्रेसवरूनच टेप फिरवली आणि चाळीस डी काढून ठेवली. मी म्हटलं, मला पट्टा लहान आणि कप मोठा हवाय. त्या म्हणाल्या, "ताई, तुमच्या अंगाला चौतीसचा पट्टा नाही व्हायचा. आणि डीच्या पुढचं आम्ही ठेवत नाही, कुणी मागत नाही." घालून बघता येणार नव्हतं, घेतलेला माल परत होणार नव्हता. शेजारी एका गिऱ्हाइकाबरोबर आलेले गृहस्थ उभे होते, त्यामुळे मलाही जास्त बोलवेना. चाळीस डी घेऊन घरी आले. कप वरून भरून वाहत होता आणि पट्टा आधीपेक्षाही सैल.

असं का होतं ते मला पुढे कळलं. कपचं अक्षर एकटं काहीच सांगत नाही, ते पट्ट्याच्या आकड्याबरोबर वाचायचं असतं. ३८ सीच्या कपात जेवढी जागा, तेवढीच ३६ डीमध्ये आणि तेवढीच ३४ डीडीमध्ये. पट्टा एका मापाने, म्हणजे दोन आकड्यांनी, खाली आला की तेवढ्याच जागेसाठी अक्षर एकाने वर जातं. म्हणजे दुकानात मोठं अक्षर नसेल तर पट्टा वाढवून कप मोठा करता येतो. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जात नाही, पण आधार जातो. "डी म्हणजे फारच मोठं" हा समजही यातूनच आलाय. ३२ डी घालणारी मुलगी चारचौघींत बारीकच दिसते.

दसऱ्याच्या सुट्टीत घरी माप घेतलं. ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच ठरतं. शिंप्याची मऊ टेप घ्यायची, आरशासमोर उभं राहायचं, अंगात काही घालायचं नाही किंवा अगदी पातळ, बिनपॅडची ब्रा घालायची. पहिलं माप स्तनांच्या बरोबर खाली. टेप पाठीमागे वर-खाली होता कामा नये, श्वास सोडायचा आणि टेप अंगाला लागेल इतकी ओढायची. माझं साडेतेहतीस इंच आलं. दुसरं माप छातीच्या सगळ्यात भरलेल्या भागावरून, टेप सैलसर धरून. ते एक्केचाळीस. तिसरं कंबरेत वाकून, पाठ जमिनीला समांतर करून, पुन्हा भरलेल्या भागावरून. ते त्रेचाळीस. मऊ, खाली ओघळलेल्या स्तनांचं माप उभ्याने कमी भरतं, म्हणून वाकून घ्यायचं. मुलीला टेपचं मागचं टोक धरायला बोलावलं. ती चौदा वर्षांची आहे. तिने न लाजता धरलं आणि आकडे वहीत लिहिले, हे मला फार बरं वाटलं.

आता हिशोब. जुन्या पद्धतीत खालच्या घेरात चार किंवा पाच इंच मिळवून पट्टा काढतात. माझे तेहतीस अधिक पाच, अडतीस. छाती एक्केचाळीस, फरक तीन, म्हणजे सी. माझा इतक्या वर्षांचा ३८ सी असा बरोब्बर निघाला. नव्या पद्धतीत काहीही मिळवायचं नाही. खालचा घेर साडेतेहतीस, जवळचा सम आकडा चौतीस, तोच पट्टा. उभं आणि वाकून घेतलेल्या मापांची सरासरी बेचाळीस. फरक आठ इंच. इंचाला एक अक्षर या हिशोबाने ब्रिटिश मापात ए, बी, सी, डी, डीडी, ई, एफ, एफएफ. माझं आठवं, ३४ एफएफ. माझ्या जुन्या ब्रापेक्षा पट्टा दोन मापं खाली आणि कपची जागा तीन अक्षरं जास्त. मी हिशोब दोनदा तपासला, मग शाळेतल्या गणिताच्या बाईंकडूनही तपासून घेतला.

इथे एक मोठी अडचण येते. डीच्या पुढे अक्षरांची रांग सगळीकडे सारखी नाही. ब्रिटिश ३४ एफएफ म्हणजे अमेरिकन मापात ३४ एच. युरोपात पट्टा सेंटीमीटरमध्ये मोजतात, तिथे तीच ७५ एच. आपल्याकडचे काही ब्रँड डीनंतर डीडी लावतात, काही थेट ई. त्यामुळे "मला एफ लागते" एवढं सांगून काहीच कळत नाही. प्रत्येक ब्रँडचा तक्ता उघडून इंचांवरून आपलं अक्षर शोधायचं. मी माझी तिन्ही मापं फोनमध्ये लिहून ठेवली आहेत, दुकानात तेच दाखवते.

दिवाळीच्या सेलमध्ये ऑनलाइन मागवायचं ठरवलं. देशी ब्रँडमध्ये आता ई-एफपर्यंत कप मिळायला लागलेत. पण नीट बघितलं तर मोठी अक्षरं चाळीस-बेचाळीसच्या पट्ट्यात भरपूर आणि चौतीसच्या पट्ट्यात एखाद-दुसरं. एक ३६ ई मागवली, साधारण नऊशेची, आणि दुसऱ्या ठिकाणाहून ३४ एफ, तेराशेची. पहिलीचा पट्टा दुपारपर्यंत वर चढला. दुसरीचा पट्टा छान बसला, पण कपच्या वरच्या काठाने स्तन दुभागला जायचा. टी-शर्टमधून तो वळ स्पष्ट दिसत होता.

मग परतीचं प्रकरण. साइटवर मोठ्या अक्षरात पंधरा दिवसांत परत असं लिहिलेलं, पण त्या विशिष्ट वस्तूच्या पानावर तळाशी "आतले कपडे फक्त बदलून मिळतील" असं होतं. बदलून घ्यायला पुढचं माप शिल्लक नव्हतं. कुरियरवाला मी शाळेत असताना येऊन गेला आणि "ग्राहक उपलब्ध नाही" म्हणून विनंतीच बंद झाली. पुन्हा विनंती, पुन्हा फोटो, पुन्हा वाट. शेवटी पैसे न मिळता तेवढ्या रकमेचं कूपन मिळालं, तेही मुदतीचं. दुसऱ्या साइटने मात्र तीन दिवसांत पैसे खात्यात जमा केले. तेव्हापासून मी मागवण्याआधी त्या वस्तूचीच परतीची अट वाचते, साइटची सर्वसाधारण नाही. पार्सल आलं की त्याच दिवशी घालून बघते, टॅग काढत नाही, पावडर-डिओ लावलेल्या अंगावर घालत नाही. परत न्यायला यायची वेळ घरी कुणी असेल तेव्हाची देते. पार्सल आल्यावर रोख पैसे दिले असतील तर परताव्यासाठी बँकेचे तपशील मागतात आणि त्यात आठवडाभर जातो, म्हणून आधीच भरते.

डिसेंबरमध्ये एका मॉलमधल्या दुकानात गेले. मुद्दाम मंगळवारी सकाळी, अर्धी रजा टाकून, कारण रविवारी ट्रायल रूमबाहेर रांग असते आणि कुणालाच आपल्यासाठी वेळ नसतो. तिथे माप घेणारी एक पंचविशीतली मुलगी होती. तिच्याकडून मी जे शिकले ते इतर कुठे शिकले नसते.

तिने आधी मला ३४ डीडी घालायला दिली. मी नेहमीसारखी हुक लावून खांद्यांचे पट्टे ओढले. ती म्हणाली, "मॅडम, अजून घातली नाहीये तुम्ही." तिने पट्टे पूर्ण सैल केले. नवी ब्रा नेहमी सगळ्यात बाहेरच्या हुकवर बसली पाहिजे, म्हणजे इलॅस्टिक सैल होत जाईल तसं आत सरकता येतं. मग म्हणाली, थोडं वाका, उजवा हात डाव्या कपात घाला आणि काखेकडचा सगळा भाग पुढे कपात आणा. तो भाग मी आयुष्यभर काखेतली चरबी समजत होते. तो स्तनाचाच होता, लहान कपने बाजूला ढकललेला. दोन्हीकडचं पुढे आणल्यावर डीडीचा कप एकदम अपुरा पडला. पट्टे सगळ्यात शेवटी, बोट खाली जाईल इतकेच ओढायचे.

मग तिने काखेजवळ बोट ठेवून दाखवलं. "कपखालची वायर इथे, स्तन संपतो तिथे यायला पाहिजे. आत्ता ती स्तनावरच टेकलीये, म्हणून टोचते." ज्या वायरला मी इतकी वर्षं नावं ठेवली ती चुकीच्या जागी होती. दोन कपच्या मधली पट्टी छातीच्या हाडाला टेकायला हवी. माझी टेकत नव्हती, बोटभर पुढे उभी होती. "मधलं टेकत नाही म्हणजे कप लहान," ती म्हणाली. त्यांच्याकडे चौतीसच्या पट्ट्यात सगळ्यात मोठी ई होती. तीही टेकेना. तिने स्पष्ट सांगितलं, "ही घेऊ नका. तुम्हाला दोन-तीन साइझ पुढचं लागेल आणि ते आमच्याकडे येत नाही." विक्री सोडून खरं सांगणारी ती पहिलीच. बाहेर येऊन मी बाकावर बसून रडले. दुःखाचं रडू नव्हतं ते. काय हवंय ते निदान पक्कं कळलं होतं, आणि माझ्या अंगात काही विचित्र आहे ही पंधराव्या वर्षापासूनची समजूत त्या खोलीत गळून पडली होती.

माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये असते. तिला फोन केला तर म्हणाली, "अगं, इथे तर हे रोजचं माप आहे." पॅनाश, फ्रेया, फँटसी, एलोमी हे तिकडचे ब्रँड मुख्यतः मोठ्या कपमध्ये काम करतात. ब्राव्हिसिमो नावाचं दुकान तर डी आणि त्यापुढच्या मापांसाठीच आहे. सारा ट्रेमेलेन या बाईंनी ते १९९५ मध्ये सुरू केलं, स्वतःच्या गरोदरपणात त्यांना मनासारखी ब्रा मिळाली नाही म्हणून. तिथे टेप लावत नाहीत, अंगावरची ब्रा कशी बसलीये ते बघून माप सांगतात, असं बहिणीने सांगितलं. मी तिला माझी तिन्ही मापं आणि बाजूने काढलेला टी-शर्टमधला फोटो पाठवला. नाताळच्या सुट्टीत पुण्याला येताना तिने दोन आणल्या, ३४ एफएफ आणि सावधगिरी म्हणून ३४ एफ. प्रत्येकी अडतीस पौंड, म्हणजे चार हजारांच्या आसपास. ब्राला चार हजार हा आकडा माझ्या घरात कुणी ऐकलेला नव्हता. मी बराच वेळ मनात घोळवून मगच हो म्हटलं होतं.

३४ एफएफ बसली. पॅड नाही, तीन तुकडे जोडून शिवलेला कप, मागे तीन हुकांचा रुंद पट्टा. खूप मोठी दिसत होती हातात, अंगावर मात्र नेमकी. मधली पट्टी हाडाला टेकली. हात वर केले, पट्टा जागेवर. पहिले काही दिवस पट्टा घट्ट वाटला, कारण मला सैल पट्ट्याची सवय होती. घरी दोन-तीन तास घालून हळूहळू वेळ वाढवला. श्वास घेताना त्रास होत असेल किंवा मागे दोन बोटंही जात नसतील तर मात्र पट्टा खरंच लहान आहे. तेव्हा तुळशीबागेत हुकांची जोडपट्टी मिळते, ती काही आठवडे लावायची. नाहीतर ३६ एफ बघायची, कपची जागा तीच राहते.

फरक काय पडला ते जेवढं आहे तेवढंच सांगते. खांद्यांवरचे वळ मार्चपर्यंत फिके झाले. मान अजून दुखते, व्यायाम चालू आहेत, पण संध्याकाळी डोकं धरायचं ते जवळजवळ थांबलं. २०२४ च्या पावसाळ्यात पुरळ आलं नाही. स्तन उचललेले राहतात, कातडीला कातडी लागत नाही. शिवाय मी ब्रा पूर्ण वाळल्याशिवाय घालत नाही. आपल्याकडे ती दोरीवर टॉवेलखाली लपवून वाळत घालतात, आणि पावसात तशी ती दोन दिवस दमटच राहते. मी गॅलरीत सावलीत, उघड्यावर वाळत घालते. सासूबाई आधी काही बोलल्या, मग डॉक्टरांनी सांगितलंय म्हटल्यावर गप्प झाल्या. पट्ट्यांवर टांगायची नाही, मधल्या पट्टीवर घालायची. मशीनमध्ये टाकायची नाही, पिळायची नाही, एकच ब्रा सलग दोन दिवस घालायची नाही. इलॅस्टिकला विश्रांती मिळाली की ती टिकते.

ब्लाउजचं कुणी सांगितलं नव्हतं. जानेवारीत भाचीच्या लग्नाला जायचं होतं. पैठणीवरचा कटोरी ब्लाउज घातला तर कटोरीचं टोक स्तनाच्या दोन बोटं खाली, आणि वर बगलेत कापड ताणलेलं. नवीन ब्राने छाती वर आली, शिवण जुन्या जागीच राहिली. आमच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंनी बघितल्याबरोबर ओळखलं. "मापाला येताना रोज घालतेस तीच ब्रा घालून यायचं," त्या म्हणाल्या. खांद्यापासून टोकापर्यंतचं माप त्यांनी नव्याने घेतलं. काही ब्लाउजना आत शिलाई ठेवलेली होती, ते उसवून टक्स वर घेता आले, दीडशे रुपयांना एक. बाकीचे कपाटातच राहिले. लग्नसराईच्या तोंडावर ब्रा बदलणार असाल तर ब्लाउज शिवायला टाकण्याआधी बदला.

क्रीडादिनासाठी स्पोर्ट्स ब्रा हवी होती. डोक्यातून घालायच्या, एस-एम-एलमध्ये मिळणाऱ्या ब्रा माझ्या उपयोगाच्या नाहीत, त्या दोन्ही स्तन एकत्र दाबून धरतात आणि पळताना सगळं एकत्र हलतं. पट्टा-कपच्या मापात मिळणारी, दोन वेगळे कप असलेली हवी. तीही बहिणीकडूनच आली, मे महिन्यात, कुणाच्या तरी सामानातून. टपालाने थेट मागवायचा विचार केला होता, पण वरून लागणारं सीमाशुल्क आणि माप चुकलं तर परत पाठवायचा खर्च बघून सोडून दिला. चुकलेल्या, पडून राहिलेल्या आणि बसलेल्या अशा सगळ्या धरून वर्षभरात तेरा-चौदा हजार गेले. माप आधी नीट घेतलं असेल आणि आधी त्या मॉलमधल्यासारख्या दुकानात घालून बघितलं असेल तर यातले निम्मे वाचतात. ज्यांचं माप ३४ ई किंवा ३६ डीडीपर्यंत थांबतं, त्यांना परदेशाकडे बघायचीही गरज नाही.

वजन पाच-सहा किलो खाली-वर झालं, बाळंतपण झालं, पाळी जायला आली की पुन्हा मोजायचं. मी सहा महिन्यांनी मोजलं, अजून तेच आहे.

नंतर आईचं माप घेतलं. ती अडुसष्ट वर्षांची, खांदा आखडलेला, हात मागे जात नाही. ती वर्षानुवर्षं हुक पुढे लावून ब्रा मागे फिरवत होती आणि फिरवताना कळवळत होती. तिचं माप ३६ डीडी निघालं. पुढून हुक असलेली, बिनवायरची सुती ब्रा एका देशी ब्रँडमध्ये साडेसातशेला मिळाली, आठवड्याच्या आत घरी आली आणि पहिल्याच खेपेला बसली. तिने दुसऱ्या दिवशी फोन करून आणखी दोन मागवायला सांगितल्या. तिच्या भजनी मंडळातल्या दोघी-तिघी रविवारी माप द्यायला येणार आहेत.